बेटावरच्या मशीनसाठी

ऑफिसात तिला सगळे आवृत्तीबाई म्हणायचे. कुणी काही बिघडल्याचं सांगायला आलं, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "कुठली आवृत्ती?" एकदा चहाच्या यंत्रातून गार चहा आला, तेव्हाही तिच्या तोंडून हेच निघालं. त्या दिवशी जे नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिचं काम होतं हवामान खात्याच्या लांबलांबच्या केंद्रांवर चालणारे प्रोग्रॅम बांधून पाठवण्याचं. लिहिणारे वेगळे. ते माणसाला वाचता येईल असं लिहायचे, आणि ते मशीनला कळेल अशा भाषेत उतरवायचं काम कंपायलर करायचा. पण सगळ्या मशीनांची भाषा एक नसते. ऑफिसातल्या नव्या मशीनांची एक, बोटींवरच्या तळहाताएवढ्या मशीनांची दुसरी, आणि आडबाजूच्या केंद्रांवर वर्षानुवर्षं घरघरत असलेल्या जुन्या डब्यांची तिसरी. कंपायलरच्याही आवृत्त्या. एक प्रोग्रॅम म्हणे मला नवाच कंपायलर हवा, दुसरा म्हणे नवा आला तर मी चालणार नाही. कुणाचं कुणाशी पटतं आणि कुणाचं पटत नाही, हे ध्यानात ठेवून प्रत्येक जातीच्या मशीनसाठी वेगळं पॅकेज बांधायचं. लग्न जमवणाऱ्या मावशीचंच काम, फक्त जेवण मिळत नाही, असं ती म्हणायची.

नवऱ्याशी तिची ओळख तक्रारीतूनच झाली होती. तो खात्यात यंत्रज्ञ. वारा, पाऊस, हवेचा दाब मोजणारी उपकरणं सांभाळायचा. एक दिवस तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "तुमचं पॅकेज माझ्याकडे बसत नाही."

"कुठली आवृत्ती?"

"माझी की मशीनची?"

ती हसली नव्हती. घरी गेल्यावर मात्र भाजी चिरता चिरता एकटीच हसत सुटली होती.

आता तो बेटावर होता. बेट म्हणजे खडक, वारा, समुद्री पक्षी आणि हवामान केंद्राच्या चार खोल्या. एका हंगामासाठी गेला होता. समुद्र गोठला की जहाजं बंद, वितळला की येणाऱ्या पहिल्या जहाजाने परत. जाताना म्हणाला होता, "डोळे मिटून उघडशील तोवर येतो." तिने डोळे किती वेळा मिटले नि उघडले याला काही हिशेब नव्हता.

सुरुवातीला निभावलं, कारण बोलणं व्हायचं. केंद्रावर एक जुनं मशीन होतं आणि त्याला रेडिओचं कार्ड जोडलेलं होतं. ते कार्ड त्याच मशीनच्या खाचेत बसायचं, दुसऱ्या कशातही नाही. त्या मशीनवरच्या बोलण्याच्या प्रोग्रॅममधून दर रविवारी दुपारी प्रत्येकाला घरच्यांशी थोडा वेळ बोलायला मिळायचं. तो आणि सासूबाई आधी, मग तो आणि ती. सासूबाई आधी बोलायच्या आणि वेळ संपवायच्या. तरी उरलेल्या दोनचार वाक्यांत तिला सगळं मिळायचं. तो 'हं' कसा म्हणाला यावरून कळायचं, की झोप झाली आहे की नाही.

मग वरून हुकूम आला. मुख्य सर्व्हरवर सुरक्षेसाठी बोलण्याच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवायची, आणि जुन्या आवृत्तीशी त्याने बोलणं बंद करायचं. नवी आवृत्ती सगळ्या केंद्रांना गेली. सगळीकडे बसली. बेटावर बसली, पण सुरू करताच पडली, आपोआप बंद. पडद्यावर एवढंच: 'बेकायदा सूचना'.

अर्थ सरळ होता. नव्या कंपायलरने प्रोग्रॅम उतरवताना नव्या प्रोसेसरना येतात अशा सूचना वापरल्या होत्या, आणि बेटावरच्या म्हाताऱ्या प्रोसेसरने त्या जन्मात ऐकल्या नव्हत्या. परत जुनी आवृत्ती लावावी, तर सर्व्हर तिला दारात उभं करेना.

आवाज गेला. राहिला तो अक्षरांचा पातळ धागा. उपग्रहावरून दिवसातून एकदा चार ओळी यायच्या, चार जायच्या. तो लिहायचा, 'सर्व ठीक आहे. वारा फार. आईची तब्येत?' ती लिहायची, 'बरी आहे. काळजी घे.' तो लिहायचा, 'ठीक आहे.'

सासूबाईंना ती ओळ वाचून दाखवायची, तर त्या चिडायच्या.

"ठीक आहे म्हणजे काय गं? पोट भरून ठीक, की सर्दी होऊन ठीक?"

"आई, एवढंच लिहिलंय."

"मग नीट वाच ना. त्याच्यासारखं वाच."

तिने त्याच्यासारखं वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आणि तेव्हा तिला जाणवलं, की त्याचा आवाज तिला नीटसा आठवतच नाही. चेहरा आठवत होता, पाठ आठवत होती, दारातून आत येताना बूट ढकलायची त्याची तऱ्हा आठवत होती. पण आवाज आठवायला गेलं की तिच्याच डोक्यातला आवाज त्याची वाक्यं बोलायचा. ऑफिसला जाताना ती रस्त्याने मनातल्या मनात 'ठीक आहे' घोळवत राही. उंच, खालून, कंटाळून, लाडात. एकही त्याचं वाटायचं नाही.

तिने साहेबांकडे विषय काढला. साहेब भला माणूस, पण कामाचा डोंगर डोक्यावर. ते म्हणाले, "एका मशीनसाठी? अगं, पुढच्या वर्षी ते मशीनच काढून टाकायचंय."

"पुढच्या वर्षी. तोवर बेटावरची चार माणसं घरच्यांशी बोलणार कशी?"

"संदेश जातात की."

"साहेब, तुम्ही घरी बायकोशी संदेशातून बोलता का?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "बाकी केंद्रांचं काम अडता कामा नये."

"नाही अडणार."

पहिला उपाय सगळ्यांना सुचेल असाच होता. जुन्या मशीनसाठी जुना कंपायलर वापरायचा. तिने कपाटातून काढावा तसा तो काढला, चालवला, आणि पडदाभर चुका आल्या. बोलण्याचा प्रोग्रॅम आवाजासाठी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली एक लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमचा गठ्ठा, वापरत होता, आणि ती नव्या धाटणीत लिहिलेली होती. जुन्या कंपायलरला ती वाचताच येईना. म्हणजे वाचायला नवा हवा आणि उतरवायला जुना. इकडे आड, तिकडे विहीर.

दुसरा उपाय नव्या कंपायलरलाच दटावण्याचा. 'वाच तुझ्या पद्धतीने, पण लिही त्या जुन्या प्रोसेसरला कळेल असं. नव्या सूचना वापरायच्या नाहीत.' तशी सोय कंपायलरमध्ये असते. तिने ती लावली. फक्त बेटाच्या मशीनपुरती ही आवृत्ती आणि या अटी, बाकीच्यांना हात लावायचा नाही, असं पॅकेज बांधायच्या कृतीत नीट बांधून घातलं. पॅकेज तयार झालं. ऑफिसात तसलं जुनं मशीन आता उरलं नव्हतं, म्हणून जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर तिने ते चालवून पाहिलं. चाललं. तिने स्वतःच "हॅलो" म्हटलं आणि स्वतःचं "हॅलो" परत ऐकलं.

त्या पातळ धाग्यावरून, खात्याच्या कामाच्या वेळात, तुकड्यातुकड्याने पॅकेज बेटावर पोचायला आठवडा जवळजवळ संपला. त्याने लिहिलं, 'आलं. रविवारी लावतो.'

रविवारी सासूबाई सकाळीच केस विंचरून बसल्या. ठेवणीतला स्वेटर घातला.

"आई, तो बघणार नाहीये. फक्त आवाज."

"मला माहितीये. पण मी कशी बसलेय हे माझ्या आवाजातून कळतं त्याला."

दोघी टेबलापाशी बसल्या. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं. वेळ झाली, वेळ टळली. स्पीकरमधून नुसती खरखरही आली नाही. संध्याकाळी ओळ आली: 'तेच. बेकायदा सूचना. ठीक आहे, राहू दे.'

'राहू दे' हे दोन शब्द तिला जिव्हारी लागले. ती स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवत उभी राहिली. सासूबाई मागून आल्या. एकेक भांडं पुसून ठेवत राहिल्या.

मग पुढे काय करायचं ते तिला कळेना. नक्कल मशीनवर चालतंय आणि खऱ्यावर पडतंय, आणि खरं मशीन समुद्रापलीकडे. तिथे पुन्हा चूक पाठवायची, पुन्हा आठवडाभर वाट पाहायची. रात्री झोपताना ती ठरवायची, की उद्या सोडून द्यायचं. सकाळी उठली की हात तिथेच जायचे.

त्यातच सासूबाईंची कवळी सैल झाली. बोलताना 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. त्यांनी हट्टच धरला, "बोलणं सुरू व्हायच्या आत मला ही बसवून दे. लेकाशी मी शिट्ट्या मारत बोलू का?"

त्यांचा भरवसा तिच्यापेक्षा दांडगा होता. ती त्यांना कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सासूबाईंना खुर्चीत आडवं केलं, एक्सरे काढला, आणि तो पाहायला कोपऱ्यातल्या पिवळट पडलेल्या डब्याकडे वळले. डबा घरघरला. तिचे कान टवकारले. ती घरघर ओळखीची होती, रविवारच्या बोलण्यामागे ती नेहमी असायची.

"डॉक्टर, हे मशीन कुठल्या काळातलं?"

डॉक्टरांनी टकलावरून हात फिरवला. "माझ्या केसांच्या काळातलं. का?"

"मी जरा बघू?"

"आधी यांचं तोंड मिटू का?"

तिने बघितलं. प्रोसेसर बेटावरच्याच घराण्यातला होता. फार तर चुलतभाऊ. तिने खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून डॉक्टरांना सगळं सांगितलं. कंपायलरचा भाग त्यांना कळला नसावा, पण बेट, नवरा आणि खुर्चीत 'आ' करून ऐकणारी त्याची आई एवढं कळलं. ते म्हणाले, "दुपारी मी जेवायला बंद करतो तेव्हा या. माझे एक्सरे तेवढे शाबूत ठेवा."

दुसऱ्या दिवशी ऑफिसची सुट्टी घेऊन ती गेली. डॉक्टर जेवणाचा डबा उघडून खिडकीशी बसले. तिने बरोबर आणलेल्या ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, डॉक्टरांच्या फायलींना धक्का न लावता. प्रोग्रॅम चालवला. तो पडला. 'बेकायदा सूचना'.

ती टाळी वाजवून हसली.

डॉक्टर घास हातात धरून उठले. "बेकायदा? अहो बाई, माझ्या दवाखान्यात बेकायदा काही नको हं."

"तसं नाही डॉक्टर. पडलं! इथे पडलं!"

"यात आनंदाचं काय?"

आनंदाचं हेच, की आता चूक तिच्या हातात होती. आठवडाभर वाट पाहायची गरज नव्हती. पडलं त्या जागी थांबवून आत डोकावता येत होतं. दुपार संपायच्या आत तिला सापडलं. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हतीच. तिने सांगितल्याप्रमाणे कंपायलरने तो जुन्या भाषेतच उतरवला होता. पण कंपायलर दरवेळी स्वतःच्या पदरचे काही तयार तुकडे प्रोग्रॅमला जोडतो, रोजच्या बारीकसारीक कामांचे. ते तुकडे आधीच, कंपायलर तयार झाला तेव्हाच बनलेले, आणि ते नव्या प्रोसेसरसाठीचे. तिच्या अटी त्यांना लागूच झाल्या नव्हत्या. ऑफिसातला नक्कल करणारा प्रोग्रॅम जरा जास्तच उदार होता. जुन्या प्रोसेसरला न येणाऱ्या सूचनाही तो निमूट पाळायचा, म्हणून तिथे काही कळलं नव्हतं.

म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, कंपायलरच नव्याने बांधायला हवा होता. आवृत्ती नवी, पण पदरचे सगळे तुकडे जुन्या मशीनसाठी घडवलेले. तिने ऑफिसात तो बांधायला घेतला. एक गोष्ट बांधायला दुसरी लागायची, दुसरीला तिसरीची जुनी आवृत्ती. रोज दुपारी ती दवाखान्यात यायची आणि जे झालं असेल ते त्या डब्यावर लावून पाहायची. एखाद्या दिवशी डॉक्टर विचारायचे, "आज कायदेशीर झालं का?" ती नकारार्थी मान हलवायची. एका दुपारी मात्र प्रोग्रॅम सुरू झाला आणि सुरूच राहिला. तिने माइकमध्ये काय बोलावं ते न सुचून "स, स, स" म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "कवळी छान बसलीय."

पॅकेज बेटावर गेलं. या वेळी तिने सासूबाईंना काही सांगितलं नाही. पण रविवारी त्या स्वेटर घालून हजर.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तू सकाळपासून पाणी पितेयस नुसती."

वेळ झाली. खरखर झाली. मागे ती घरघर आली, आणि तिच्यातून तो म्हणाला, "आई?"

सासूबाई माइककडे सरकल्या. इतके दिवस साठवलेलं सगळं तसंच राहिलं, आणि त्यांनी विचारलं ते, "मोजे कोरडे असतात ना रे?" तो हसला. ते हसू ऐकून तिने टेबलाची कड धरली. असा होता आवाज. ती आठवायची त्याहून थोडा खालचा, शब्दाच्या शेवटी किंचित ओढलेला. इतके दिवस ती भलत्याच पट्टीत शोधत होती.

सासूबाई आज खुर्चीवरून लवकर उठल्या. "घे, बोल तू," म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतलं.

"ऐकतेयस?" तो म्हणाला.

"ऐकतेय. बोल काहीही. वाऱ्याचं सांग."

"वारा आहे." तो थांबला. त्या थांबण्यातूनच तिला कळलं, की काहीतरी आहे. ओळींमध्ये हे थांबणं कधी उतरलं नव्हतं.

"काय झालंय?"

"जहाज येईल महिन्याभरात. पण पुढच्या तुकडीचा यंत्रज्ञ येत नाहीये. त्यांनी विचारलं, अजून एक हंगाम थांबाल का. मी हो म्हणालो."

तिने विचारलं, "कधी?"

"आवाज बंद होता तेव्हा."

"लिहायचं होतंस."

"लिहिलं होतं. पुसलं. चार ओळींत ते फार वाईट दिसत होतं."

"बोलून चांगलं वाटतंय?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुला खोटं नाही सांगणार. कोणी बळजबरी केली नाही. मला इथं बरं वाटतं. सकाळी उठून बाहेर गेलं की डोक्यात काही नसतं. तुझी आठवण येते, रोज येते. आणि परत यावंसं वाटत नाही. दोन्ही खरं आहे. कसं ते मला विचारू नकोस."

ती रागावणार होती. शब्दही तोंडाशी आले होते. पण इतक्या दिवसांनी तो खरा आवाज कानात होता, आणि वेळ थोडा होता, आणि तो वेळ भांडणात घालवायचा तिला धीर होईना. याचाच राग तिला जास्त आला.

"मी इथे तुझ्या आवाजासाठी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन बसत होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पुढच्या रविवारी सांगते." आणि धागा तुटला. पुढच्या माणसाची पाळी होती.

सासूबाई बाहेर आल्या. तिच्या चेहऱ्याकडे बघून खुर्ची ओढून बसल्या. तिने सगळं सांगितलं, काही न लपवता. सासूबाई बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाचा कोपरा सरळ करत राहिल्या.

"त्याचे बाबाही असेच," त्या शेवटी म्हणाल्या. "घरात असले तरी घरात नसायचे. निदान हा खरंच लांब तरी आहे."

"मी काय करू, आई?"

"मला विचारू नकोस बाई. मी वाट बघितली. त्यात काही मोठं शहाणपण नव्हतं."

सोमवारी ती साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, बेटावरचं मशीन पुढच्या वर्षी काढायचं तर आधी कुणीतरी जाऊन ते कार्ड, त्याची खाच, सगळं डोळ्यांनी बघायला हवं. नाहीतर नव्या मशीनवर हेच होईल. बोलणं खरं होतं. साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, आणि बाकीचंही त्यांना कळलं असावं.

"जहाज तिथे फक्त सामान उतरवेपर्यंत थांबतं. दोनतीन दिवस, हवा चांगली असेल तर."

"चालेल."

"तुला समुद्र सोसतो का?"

"माहीत नाही. कधी गेलेच नाही."

पुढच्या रविवारी तिने त्याला जहाजाने येत असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "मला न्यायला येतेयस?"

"नाही. कामाला येतेय." तिने श्वास घेतला. "आणि तुला तिथं बघायला. तुला बरं वाटतं ते कसलं, ते मला बघायचंय."

"खडक आहेत नुसते."

"असू देत."

"ये," तो म्हणाला. त्या एका अक्षरात आनंद होता आणि थोडी भीतीही. तिला दोन्ही स्पष्ट ऐकू आलं.

निघायच्या आदल्या आठवड्यात सासूबाई तिला बूट घ्यायला घेऊन गेल्या. दुकानदाराने बर्फात चालायचे जाड बूट काढून दिले. ती ते घालून आरशापर्यंत गेली आणि परत आली, बदकासारखी. सासूबाई म्हणाल्या, "एक नंबर मोठा घे, आत जाड मोजे लागतील." ती पुन्हा बसली, मोठे बूट चढवले, नाड्या बांधल्या, आणि दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालू लागली.